दिघे साहेब, आवाज येत नाही

आमच्या भोपाळच्या सरकारी कारखान्यात बनणारी यंत्रं एवढी अवाढव्य असायची की ती बाहेर न्यायला रेल्वेची खास वाघीण लागे. टाउनशिपमधला प्रत्येक माणूस हे पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचा. मीही सांगायचो. फक्त त्या यंत्रांतला एक स्क्रूसुद्धा मी कधी पिळला नाही, एवढं सांगायचं टाळायचो. मी होतो संगणक विभागात. तिथेही पगारपत्रकं, मालसाठा ही मानाची कामं दुसऱ्यांकडे. माझ्याकडे काय, तर बंद पडलेलं चालू करणं. निवृत्तीआधीच्या काही वर्षांत तर माझी सगळी नोकरी एका वाक्यात मावायला लागली. लोक यायचे आणि म्हणायचे, "दिघे साहेब, आवाज येत नाही." आणि मी तो आणायचो.

त्याचं असं झालं. टाउनशिपच्या क्लबात, कॅरमच्या खोलीला लागून, एक संगणक कक्ष उघडला. कारखान्यातून बाद झालेली पाच यंत्रं तिथे मांडली आणि संध्याकाळी ती दिघेंनी सांभाळावीत असा वरून हुकूम आला. पाठोपाठ दुसरा हुकूम आला, की परवाना नसलेलं कुठलंही सॉफ्टवेअर यंत्रावर दिसता कामा नये. आता परवाने विकत घ्यायला क्लबाकडे काय होतं? कॅरमच्या सोंगट्या! म्हणून मी पाचही यंत्रांवर लिनक्स चढवलं. फुकट, कायदेशीर, वर व्हायरसची कटकट नाही. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. आठवड्याभरात कळलं की यंत्रं चालताहेत झकास, पण मुकी झाली आहेत आणि निम्मी आंधळीही.

हल्ली मोबाइलवर बोट ठेवलं की सिनेमा सुरू होतो, त्यामुळे तरुण वाचकांना ही भानगड समजायची नाही. थोडक्यात सांगतो. इंटरनेटचं पान उघडून दाखवतो तो ब्राउझर. त्या काळी त्याला अक्षरं वाचता यायची, फोटो दाखवता यायचे. गाणं किंवा चित्रफीत समोर आली की मात्र तो हात वर करायचा. त्यासाठी त्याला बाहेरून जोडसामान लावावं लागे. तेच प्लगिन. चित्रफितीच्या प्रत्येक जातीला वेगळं. आणि लिनक्सवाले पडले तत्त्वाचे पक्के. ज्या सामानावर दुसऱ्याची मालकी, ते हे लोक डब्यात घालून देत नसत. तुमचं तुम्ही शोधा, उतरवून घ्या, नेमक्या फोल्डरमध्ये ठेवा. ते फोल्डरही कसं, तर लपवलेलं. सरळ बघाल तर दिसणारच नाही. एवढं करून ब्राउझर पूर्ण बंद करायचा, पुन्हा उघडायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. जमलं नाही तर पानाच्या मधोमध एक राखाडी चौकोन यायचा, त्यात जोडचित्राचा एक सुटा तुकडा काढलेला. म्हणजे इथे काहीतरी आहे, पण तुमच्यासाठी नाही.

त्या तुकड्याने मला फार छळलं. एकदा सगळं बिनचूक ठेवूनही तो हटेना. शेवटी लक्षात आलं की यंत्र एका मापाचं आणि मी आणलेलं प्लगिन दुसऱ्या मापाचं. टाउनशिपचा वायरमन रफीकभाई ट्यूबलाइट बदलायला आला होता, तो शिडीवरूनच म्हणाला, "को खां दिघे साब, गीजर का मोटा पिन रेडियो के सॉकेट में ठूँस रिये हो, और क्या!" अहो, नेमकं तेच होत होतं. पुढे कोणालाही प्लगिन समजावताना मी रफीकभाईचाच गीजर वापरला, आणि तो जवळ असला की खुर्ची सरकवून ताठ बसायचा.

गिऱ्हाइकं एकेक नग. फोर्ज शॉपचे निवृत्त फोरमन चौहानजी रोज संध्याकाळी प्रवचन ऐकायला यायचे. घणाखाली आयुष्य गेलेलं, त्यामुळे यंत्र अडलं की त्याला चापट मारायची हा त्यांचा धर्म. एके दिवशी त्यांच्या महाराजांचा आवाज गेला. मी प्लगिन काढलं, घातलं, दुसरं आणलं, फोल्डर तपासलं, कपाळाला हात लावून बसलो. चौहानजी शेजारी बसून, "बेटा, दो हाथ लगा दूँ क्या?" असं प्रेमाने विचारत होते. क्लब बंद व्हायच्या सुमाराला मी यंत्राच्या मागे वाकून बघितलं, तर स्पीकरची वायर माइकच्या भोकात! तेव्हापासून माझा नियम ठरला. "आवाज येत नाही" हे शब्द कानावर पडले की आधी उठायचं आणि मागे वाकून वायर बघायची. ती सवय इतकी मुरली की लोकांच्या घरी चहाला गेलो तरी टीव्हीच्या मागे हात जायचा. बायको डोळे वटारायची.

असं करत करत कोपऱ्यातलं एक यंत्र मी तयार केलं. जितकी प्लगिनं मिळतील तितकी त्यात घातली. ते काय वाट्टेल ते वाजवायचं. खोटं कशाला बोलू, मला त्या यंत्राचा अभिमान होता. आणि त्याच यंत्राने मला बोंद्र्यांच्या मंजिरीच्या लग्नात दगा दिला.

बोंद्रे मूळचे अमरावतीचे. गुणवत्ता तपासणीत निरीक्षक होते, माझ्या आधी काही वर्षं निवृत्त झाले. कारखान्यात त्यांची ओळख, शिक्का मारायला अतिशय नाखूश माणूस. टाउनशिपच्या मराठी लोकांत मात्र त्यांची ओळख वेगळी होती. इथल्या कुठल्याही मराठी लग्नात मंगलाष्टकं म्हणायची तर ती बोंद्र्यांनीच. काय आवाज होता! माइक समोर असला तरी बाजूला सारायचे. प्रत्येक लग्नाला वधूवरांची नावं गुंफून स्वतः एक नवं अष्टक रचायचे. माझ्या लेकीच्या लग्नातही त्यांनी रचलं होतं आणि त्यात माझ्या इंदुरी मराठीवर एक टोमणा बेमालूम बसवला होता. मांडव हसला, मीही हसलो, काय करणार?

त्यांची एकुलती एक मंजिरी अमेरिकेत शिकली, तिथेच नोकरीला लागली, तिथलाच एक मराठी मुलगा पसंत केला. लग्न तिकडेच ठरलं. तिकिटं काढून झाली, पापड-कुरडयांच्या पिशव्या बांधून झाल्या आणि बोंद्र्यांना हार्ट अटॅक आला. बायपास करावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, विमान नाही, जिने नाहीत, जोरात बोलणंसुद्धा नाही. मंजिरी म्हणाली, लग्न पुढे ढकलते आणि मी येते. तिची आई, कुसुमकाकू म्हणाल्या, "अजिबात नाही. ठरलेला मुहूर्त हलवायचा नाही. तू तिथे उभी राहा, आम्ही इथून बघू." मंजिरी त्या एका वचनावर तयार झाली. तिच्या एका मित्राने हॉलमध्ये कॅमेरा लावून सगळा सोहळा इंटरनेटवर थेट दाखवायचं कबूल केलं.

वचन देऊन झालं, आणि मग काकू माझ्याकडे आल्या. मला त्या अरे-तुरेच करायच्या.

"शरद, तुझ्या त्या यंत्रावर दिसेल ना रे?"

"काकू, दिसेल म्हणजे काय! तुम्ही फक्त अक्षता घेऊन या."

"आवाजही नीट येऊ दे हं," त्या म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या. "आणि ऐक. ऑपरेशन झाल्यापासून हे बोलतच नाहीत. हूं की चूं नाही. भिंतीकडे तोंड करून बसतात. पोरीचं लग्न चुकलं तर हा माणूस त्या भिंतीतच जाईल बघ."

मी घरी गेलो तेव्हा बोंद्रे खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, "काका, यायचं बरं का." बऱ्याच वेळाने म्हणाले, "काचेतलं लग्न कसलं बघायचं, दिघे?" बस्स, एवढंच. इतर वेळी त्यांनी त्यात दोन टोमणे तरी घातले असते. मला फार वाईट वाटलं. हे लग्न दिसलंच पाहिजे, अशी मी मनाशी गाठ बांधली.

मंजिरीच्या मित्राने चाचणीसाठी चित्रफितीचा एक नमुना पाठवला होता. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. मी पुन्हा पुन्हा लावून बघितला, चौहानजींना दाखवला. काळजीचं कारणच उरलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी तिकडे सकाळ आणि आमच्याकडे दिवेलागण. काकूंनी पैठणी नेसली होती. काकांना स्वेटर, मफलर, टोपी असं गुंडाळून समोरच्या खुर्चीत बसवलं. चौहानजी इस्त्रीचा कुडता घालून आले. रफीकभाई इंटरनेटची तार कोणी पायाने ओढू नये म्हणून तिच्याजवळ उभा राहिला. क्लबातली आणखी काही मंडळी मागे दाटून उभी होती. काकूंनी सगळ्यांच्या मुठीत अक्षता दिल्या. मी पान उघडलं.

मधोमध राखाडी चौकोन. त्यात तो जोडचित्राचा तुकडा.

ब्राउझर बंद केला, उघडला, प्लगिन बदललं. एकदम सनई वाजायला लागली! लोकांची कुजबुज, कोणाच्या तरी बांगड्या, गुरुजी घसा खाकरतात, सगळं स्पष्ट. आणि पडदा काळाकुट्ट. पुन्हा प्लगिन बदललं. आता मंजिरी दिसली. हिरवी साडी, मुंडावळ्या, हातात हार. पण सनई गप्प. वाकून वायर बघितली. वायर जागच्या जागी होती.

काय झालं असेल ते माझ्या लक्षात आलं. त्या मित्राने सकाळी कॅमेरा बदलला असणार, आणि या नव्या कॅमेऱ्याचं चित्र एका जातीचं, आवाज दुसऱ्या जातीचा. माझ्याकडे एक प्लगिन होतं त्याला आवाज कळत होता, एक होतं त्याला चित्र कळत होतं, आणि एका यंत्रात एका वेळी एकच बसत होतं. दोन यंत्रांवर दोन लावून बघितली. आमची लाइन इतकी बारीक की दोन्हीकडे उचक्या सुरू झाल्या. दोन्ही कळणारं प्लगिन उतरवून घ्यायला वेळ नव्हता. तिकडे अंतरपाट धरायला दोघे जण पुढे आलेले मला दिसत होते. रफीकभाईने त्याच्या मोबाइलवरून मंजिरीच्या मित्राला फोन लावला. नुसती रिंग जात राहिली. लग्नाच्या हॉलमध्ये त्या क्षणी फोन कोण उचलतो!

मी घामाघूम होऊन वळलो. "काकू, दोन्ही नाही जमत हो. आवाज ठेवू की चित्र? लवकर सांगा."

काकूंनी माझ्याकडे बघितलंच नाही. काकांकडे बघितलं. काका खुर्चीत पुढे सरकले होते. मफलर सुटून खाली पडला होता आणि त्यांचा हात पडद्याच्या दिशेने अर्धवट उचललेला होता.

"चित्र ठेव," काकू म्हणाल्या.

आणि त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली, दाराशी नेली, पडद्याकडे पाठ करून बसल्या. क्लबाच्या माळ्याने दाराबाहेर रंगाच्या जुन्या डब्यात तुळस लावली होती. काकूंनी पिशवीतून छोटा तांब्या काढला. तो त्यांनी घरूनच भरून आणला होता.

"भाभीजी उधर काहे बैठ गईं?" चौहानजींनी मला हळूच विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अष्टकं चालू असताना मुलीच्या आईने लग्न बघायचं नसतं. ती तिकडे पाठ करून तुळशीला पाणी घालत बसते. आमच्याकडेही हेच. माझ्या लेकीच्या वेळी माझी बायको अशीच बसली होती, अष्टकं नुसती कानांनी ऐकत. म्हणजे काकूंना ह्या लग्नातलं मिळणार होतं ते फक्त ऐकू येणारं. आणि मी विचारल्यावर त्यांनी क्षणभरही न थांबता ते नवऱ्यासाठी सोडून दिलं होतं. मला पुढचं दिसेना. चष्मा काढून पुसला.

पडद्यावर अंतरपाट धरला गेला. गुरुजींचे ओठ हलू लागले. खोलीत चिडीचूप शांतता. दाराशी काकू, तांब्याची धार डब्यात पडतेय, तेवढाच काय तो आवाज. मी त्या शांततेत मरून चाललो होतो हो. माझं आयुष्य आवाज आणण्यात गेलेलं, आणि नेमका आज तो नाही!

काकांनी मान वळवून दाराकडे बघितलं. काकूंची पाठ बघितली. पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग खुर्चीच्या हाताला धरून ते उभे राहिले. मी धरायला धावलो, त्यांनी मला बाजूला सारलं, अगदी माइक सारायचे तसं.

"माझी लाडकि लेक आज निघते साता समुद्रांकडे..."

आवाज फाटका होता. पहिल्या ओळीला दम लागला, मध्ये थांबले. टाके घातलेल्या छातीवर एक तळहात दाबून धरला आणि पुढची ओळ घेतली. हे त्यांनी मंजिरीसाठी रचून ठेवलेलं अष्टक होतं. कधी रचलं, कुणाला माहीत नव्हतं, काकूंनासुद्धा नाही. डॉक्टरांचं सांगणं सगळ्यांना आठवत होतं, पण थांबवायची छाती कोणाची होणार? शेवटच्या ओळीला त्यांनी आवाज चढवला. तोच जुना बोंद्र्यांचा आवाज, मांडवाच्या कापडाला भिडणारा. "शुभमंगल सावधान" म्हणताना चौहानजी, रफीकभाई, मागची सगळी मंडळी त्यांच्याबरोबर ओरडली.

एका अष्टकावर ते थांबले नाहीत. पडद्यावर गुरुजींचे ओठ थांबले की हेही थांबायचे, तिकडे सुरू झाले की हे सुरू. तिकडे अंतरपाट खाली आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी अक्षता उधळल्या, त्या पडद्यावर, कीबोर्डवर, काकांच्या टोपीवर पडल्या. चौहानजी रडत होते आणि टाळ्या वाजवत होते. दाराशी काकूंची पाठ हलत होती. तांब्या रिकामा झाला होता तरी त्यांनी तो वाकडाच धरला होता.

थोड्या वेळाने रफीकभाईचा मोबाइल वाजला. मंजिरीच होती. त्याने फोन मोठ्या आवाजावर करून काकूंच्या हातात दिला.

"आई, दिसलं ना गं सगळं?"

"बाबांना दिसलं."

"आणि तू?"

"मी कशी बघणार? मी तुळशीपाशी होते."

"तिथेपण तुळस!" मंजिरी हसत होती की रडत होती कळेना. "बरं, मंगलाष्टकं तरी नीट ऐकू आली?"

"आली ना," काकू म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी म्हटली."

तिकडून बराच वेळ काही आलं नाही. माझा हात सवयीने वायरीकडे गेला होता. मग अगदी बारीक आवाजात, "बाबा बोलले?"

काकांनी फोन ओढून घेतला. "मंजिरी, जावईबापूंना सांग, हार घालताना वाकायची सवय ठेवा, पुढे उपयोगी पडेल." खोलीत असा हशा उसळला की कॅरमवाले डाव सोडून बघायला आले. काकूंनी तोंडाला पदर लावला होता. भिंतीतला माणूस परत आला होता.

त्यानंतर काका बरीच वर्षं बोलले. भरपूर बोलले. माझ्या लिनक्सवर तर इतकं बोलले की काकूंना त्यांना आवरावं लागे. क्लबातला तो कक्ष पुढे बंद झाला. ब्राउझर आपले आपण सगळं वाजवायला शिकले, प्लगिनं इतिहासजमा झाली आणि मी जे एवढं घाम गाळून शिकलो ते आता कोणाच्या काडीच्या उपयोगाचं नाही. नातू विचारतो, "आजोबा, आप ऑफिस में एक्झॅक्टली करते क्या थे?" मी त्याला कारखान्यातल्या अवाढव्य यंत्रांबद्दल सांगतो.

काका गेले. टाउनशिपचं घर सोडून काकू कोलार रोडला फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. परवा बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात भेटल्या, म्हणाल्या, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. घरी गेलो. काकूंनी टीव्हीवर मंजिरीच्या लग्नाची चित्रफीत लावली. त्या मित्राने नंतर चित्र आणि आवाज सगळं नीट जोडून पाठवलेली. काकू रोज थोडी बघतात. आता बघायला हरकत नाही, म्हणाल्या. सनई छान वाजत होती. त्या चहा टाकायला आत गेल्या, बाहेर आल्या, हातातल्या रिमोटचं बटण दाबून बसल्या. पडद्यावर अंतरपाट धरला गेला, गुरुजींचे ओठ हलू लागले आणि खोलीत चिडीचूप.

मी सवयीने उठलो. "काकू, आवाज येत नाहीये. थांबा, वायर बघतो." टीव्हीच्या मागे वाकलोसुद्धा.

"बस रे शरद," काकू पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मीच बंद केलाय. त्या गुरुजींचा मध्ये येतो."